कोरडं चालतं, ओलं चालत न्हाय

शुक्रवारी सकाळपासून मादनळ्ळीच्या मठगल्लीत गौरम्माचाच आवाज ऐकू येत होता. सोमवारी दुधनीहून पाहुणे यायचे होते. धाकट्या लेकीचा, बसव्वाचा, साखरपुडा होता. हुग्गीच्या खिरीसाठी खपली गहू सडून झाला होता, शेंगापोळ्यांसाठी दाणे भाजायला घेतले होते आणि थोरला लेक चन्नवीर लुगडी आणायला सोलापूरला भवानी पेठेत गेला होता. तो संध्याकाळपर्यंत परतणार होता. बसव्वाची दोन ठिकाणं आधी रंगावरून मोडली होती. पोरीला बाविसावं लागलं होतं. म्हणून हे तिसरं ठिकाण गौरम्माला तळहातावरच्या फोडासारखं जपायचं होतं.

गौरम्मा पन्नाशीची बाई, करारी. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, पण घर तिनं तसूभर हलू दिलं नव्हतं. अकरा महिन्यांच्या नातवाला आजोबाचंच नाव ठेवलं होतं, तिप्पण्णा. आता नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घ्यायचं? म्हणून ती नातवाला 'मालक' म्हणायची. पोरगंही बेटं असं की आजी 'मालक' म्हणाली की दोन दात दाखवून हसायचं.

"मालक उठलं का गं?" तिनं चुलीपासून विचारलं.

सून नागव्वा पोराला खांद्यावर टाकून दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. "रात्रीपासनं सात-आठ येळा झालं, अत्ती. आता तर निस्तं पाणीच जातंय. अंगावर प्यायलं की लगीच वकतंय."

"दात येत असतील. पाणी देऊ नगंस त्याला. वरनं वतलं की खालनं जातं."

हे गौरम्मानं काही वाईट बुद्धीनं सांगितलं नव्हतं. तिच्या सासूनं तिला हेच सांगितलं होतं, आणि त्या सासूला तिच्या सासूनं. गल्लीतल्या सगळ्या बायकांना तेच ठाऊक होतं. नागव्वानं पाणी तोडलं.

दहा वाजेतो पोर मलूल झालं. रडायचं, पण डोळ्यांत पाणी येईना. चुलीजवळच्या घागरीकडे हात करून ते "नी... नी" म्हणायचं. घरात सगळे मराठी-कानडी मिसळून बोलायचे, त्यातून त्यानं पहिला शब्द उचलला होता तो नीरु, म्हणजे पाणी. नागव्वा सासूकडे वळली.

"अत्ती, नर्सबाईला दावू या का? गावातच तर हाय."

गौरम्माचा हात कढईत थांबला. सून चुकीचं बोलत नव्हती. पण नर्सबाईकडे काय न्यायचं आणि काय न्यायचं नाही, याचा मादनळ्ळीत एक कायदा होता, आणि तो कायदा खुद्द गौरम्मानं केला होता. तो तुम्हाला सांगितलाच पाहिजे, कारण या गोष्टीतला खुनी तोच आहे.

चार वर्षांपूर्वी सरकारनं गावात दवाखान्याचं उपकेंद्र काढलं. दोन खोल्या, पुढं ओटा, आणि सोलापूरहून आलेली एक नर्स, मीनाबाई. बाई हुशार, हाताला गुण असलेली. पण ती बौद्धांची आहे असं कळलं आणि मठगल्लीनं तिच्याकडे पाठ फिरवली. पुढच्याच पावसाळ्यात हिवतापानं घराघरात माणसं आडवी पडली. गोळ्या होत्या नर्सबाईकडे. आता काय करावं? गल्ली गौरम्माकडे आली. गौरम्मानं एक रात्र विचार केला आणि सकाळी निवाडा दिला: "जोंधळं आपण कुणाच्या हातनं बी घेतो की नाय? कोरड्याला इटाळ न्हाय. गोळी कोरडी हाय. ती चालती. ओलं औषद चालत न्हाय. ते पाण्यातलं झालं."

मग कुणीतरी विचारलं, सुईचं कसं? ते तर ओलं असतं. गौरम्मानं तेही मिटवलं. "सुई तोंडातनं जात न्हाय, कातड्यातनं जाती. घरी येऊन आंघूळ केली की झालं."

लोकांना काय, हवंच होतं. माणसं वाचली, सोवळंही वाचलं! तेव्हापासून मीनाबाई गोळ्या कागदात बांधून ओट्यावर ठेवायची आणि मागं सरायची, मग मठगल्लीच्या बायका पुडी उचलायच्या. ओल्या औषधासाठी मात्र सहा मैलांवर दुधनीला अण्णाराव डॉक्टरांकडे जायचं. त्यांच्या भिंतीवर एक पाटी होती, ती कोणत्या पदवीची हे आजवर कुणी वाचलं नव्हतं. पण ते 'आपल्यातले' होते. औषधाला गुण आहे का हे नंतर. आधी देणारा हात कुणाचा, हे बघायचं. आणि हे कोण बघत होतं? ज्यांच्या मठात दर सोमवारी सांगतात की शरणांनी, म्हणजे त्यांच्याच संतांनी, आठशे वर्षांपूर्वीच विटाळ गाडला, तीच ही माणसं. ऐकायचे शरणांचं आणि वागायचे गौरम्माच्या कायद्यानं.

तो कायदा आज तिच्याच चुलीशी येऊन उभा राहिला.

"नर्सबाई गोळी दिईल," गौरम्मा म्हणाली. "एवढ्या पोराला गोळी गिळती का? त्याला पातळच लागंल. दुधनीला जाऊ. अकराची गाडी हाय. बसव्वा, दाण्यांकडं बघ गं."

साडेदहाला सासू-सुना थांब्यावर पोचल्या. थांबा म्हणजे एक लिंबाचं झाड आणि त्याच्याभोवती दगडी कट्टा. समोर, रस्त्यापलीकडे वीस पावलांवर, उपकेंद्राचा ओटा. वैशाखाचं ऊन नुसतं भाजत होतं. कट्ट्यावर आधीच गिरिजाबाई येऊन बसली होती. गिरिजाबाईचं घर गौरम्माच्या समोरच, आणि बसव्वाचे होणारे सासरे वीरभद्रप्पा हे तिचे मावसभाऊ. ठिकाण तिनंच जुळवलं होतं. सोमवारची बोलणी करायला तीही दुधनीलाच निघाली होती.

"काय झालं गं पोराला, गौरक्का?"

"दाताचं हाय. अण्णाराव डाक्टरला दावून येतो."

"बरं केलंस. हितंच दावलं असतंस तर लोकांस्नी काय, बोलायला निमितच पायजे असतं. आन् वीरभद्रण्णांचं घर पडलं शीलवंताचं. घागरसुद्दा फडक्यानं झाकून आणत्यात. परक्याची नदर पडली तर पाणी वतून टाकत्यात."

गौरम्मानं मान हलवली. अकरा वाजले. गाडी आली नाही. साडेअकरा झाले. नागव्वा पदरानं वारा घालत होती. पोराचे ओठ सुकून पांढरे पडले होते आणि पोर ते जिभेनं पुन्हा पुन्हा चाटत होतं.

उपकेंद्राच्या खिडकीतून मीनाबाई हे सगळं बघत होती. मठगल्लीच्या माणसांकडे आपण होऊन जायचं नाही, हे ती चार वर्षांत शिकली होती. पण शेवटी तिच्यानं राहवेना. हातात स्टीलचा पेला आणि चमचा घेऊन ती रस्ता ओलांडून आली आणि सवयीनं चार हात लांब थांबली.

"मावशी, बाळाला जरा इकडं तोंड करून धरा." तिनं लांबूनच निरखलं आणि तिचा आवाज बदलला. "डोळे खोल गेलेत. टाळू बसलीय. मावशी, याच्या अंगातलं पाणी संपत चाललंय. याला आत्ता पाणीच पाहिजे. हे साखर-मिठाचं पाणी आहे, उकळून गार केलेलं. चमच्या-चमच्यानं पाजत राहायचं. ओकला तरी थोडं थांबून परत पाजायचं. दुधनीपर्यंत थांबू नका."

"नी," पोर पेल्याकडे बघून म्हणालं.

गौरम्मानं गिरिजाबाईकडे पाहिलं. गिरिजाबाईनं पेल्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. तेवढं पुरे होतं.

"गाडी येतीच हाय, नर्सबाई."

"बरं, माझ्या हातचं नको. घरून तांब्याभर पाणी आणा, साखर आणा, मीठ आणा. मी लांबून माप सांगते. तुमच्या हातानं करा, तुमच्या भांड्यात करा. मग तर झालं?"

नागव्वा ताडकन उठली. "अत्ती, मी पळत जाऊन आणते."

गौरम्माला ते पटत आलं होतं. आपलं पाणी, आपला हात. कायदा कुठं मोडतो? ती तोंड उघडणार तोच गिरिजाबाई हलक्या आवाजात म्हणाली, "माप तिचं म्हंजी औषद तिचंच की गं, गौरक्का. मी कशाला कुणाला सांगू? पर वीरभद्रण्णा इचारल्याबिगर ऱ्हात न्हाईत. आन् माज्यानं लबाड बोलवत न्हाय."

इतक्यात लांब वळणावर धुरळा उठला. सगळ्या उभ्या राहिल्या. "आली, आली! बघ, उगंच गेली असतीस तर चुकली असती," गौरम्मा म्हणाली. धुरळा जवळ आला. तो कडब्याचा ट्रक होता. निघून गेला. पण आता पाण्यासाठी घरी जायचा क्षणही निघून गेला होता, कारण गाडी मागोमाग येतच असणार. नाहीतर दुसरी गाडी एकदम पाचला.

एका बाजूला नातू, एका बाजूला लेक. दोघांच्या मध्ये ही बाई अडकली होती, आणि कोंडणाऱ्या भिंती तिनं स्वतःच रचलेल्या. ती मनाशी एकच घोकत होती: गाडी येऊ दे, म्हणजे काही ठरवावं लागणार नाही.

मीनाबाईनं पेला कट्ट्याच्या टोकाला ठेवला. वर चमचा आडवा ठेवला. "मी आत जाते," ती म्हणाली. "मी बघत नाही. पण पाजा. तुमच्या पाया पडते."

ती गेली. नागव्वा पोराला छातीशी धरून सरकत सरकत कट्ट्याच्या टोकाशी गेली आणि तिनं पेल्याकडे हात नेला. गौरम्मानं तो हात मनगटात धरला. जोरात धरला. बांगडी पिचली.

"सुम्म, गप बैस. नणंदेचं लगीन मोडायचं हाय का तुला?"

नागव्वानं हात सोडवून घेतला नाही. एकवीस वर्षांची पोर ती. सासूपुढं आजवर मान वर केली नव्हती. ती तशीच बसून राहिली, आणि बोटभर अंतरावर पेल्यातलं पाणी उन्हानं तापत राहिलं. अरे, काय म्हणावं याला! पाणी होतं, पाजणारी आई होती, प्यायला आसुसलेलं पोर होतं. आणि एका आजीच्या चार बोटांनी ते अडवून धरलं होतं. त्या बोटांत बळ तरी कुणाचं? गल्लीचं, गिरिजाबाईचं, दुधनीच्या त्या झाकलेल्या घागरीचं.

एकाच्या सुमाराला पोर रडायचं थांबलं.

"झोपला बघ," गौरम्मा म्हणाली. तिच्या जिवात जीव आला होता. "जुलाब बी न्हाय आता. उतार पडला. मी म्हनलं न्हवतं? वरनं बंद केलं की खालनं बंद हुतं."

पावणेदोनला गाडी आली. कंडक्टरनं दार उघडलं. गिरिजाबाई चढली. नागव्वा पायरीवर पाय ठेवायला गेली तशी पोराची मान तिच्या हातावरून मागं पडली आणि तशीच राहिली. कंडक्टरनं पाहिलं. त्यानं घंटा ओढली नाही.

"बाई," तो म्हणाला, "लेकरू बघा आधी."

नागव्वाची किंकाळी ऐकून मीनाबाई धावत आली. तिनं पोराला आईच्या हातातून घेतलं, कट्ट्यावर ठेवलं, छातीला कान लावला, तोंडाला तोंड लावून श्वास दिला. चार वर्षांत पहिल्यांदा तिनं मठगल्लीच्या पोराला सुईशिवाय हात लावला आणि कुणी अडवलं नाही. कुणाला विटाळ आठवला नाही. पण आता त्याचा उपयोग नव्हता.

संध्याकाळी पोराचा बाप, चन्नवीर, लुगड्यांचं गाठोडं घेऊन गावात उतरला आणि त्याला थेट मळ्यात नेलं. आजोबाच्या शेजारी खड्डा काढला होता. मालकाला मालकाजवळ ठेवलं.

नागव्वा रडली नाही. जेवली नाही. सासूशी एक शब्द बोलली नाही. शनिवार गेला, रविवार गेला. गौरम्मा एकटीच उलटसुलट कारणं शोधत होती. दाताचं होतं, नजर लागली होती, गाडी उशिरा आली. गाडीला तर तिनं इतक्या शिव्या दिल्या की ऐकणाऱ्यालाही पटावं. पण डोळे मिटले की पोराची जीभ ओठांवर फिरताना दिसायची.

साखरपुडा पुढं जाईल असं सगळ्यांनी धरलं होतं. पण सोमवारी सकाळी दुधनीची बैलगाडी दारात येऊन उभी राहिली. वीरभद्रप्पा उतरले. बरोबर दोन माणसं आणि गिरिजाबाई. कपाळी भस्माचे पट्टे, अंगात पांढरा शुभ्र सदरा. ते घोंगडीवर बसले, खाली बघून हळहळले.

"वाईट झालं, अक्का. पर आपल्यात सुतक न्हाय. मुहूर्त कशाला चुकवायचा? साधेपणानं कुंकू लावून जाऊ म्हनलं."

गौरम्मा खांबाला टेकून बसली होती. आतल्या दाराशी बसव्वा, तिच्या मागं नागव्वा. चन्नवीर पहाटेच मळ्यात पोराच्या खड्ड्याशी जाऊन बसला होता.

"आन् खरं सांगू?" वीरभद्रप्पा पुढं सरकले. त्यांचा आवाज भरून आला होता, आणि ते मनापासूनच बोलत होते. "आमच्या घरात थोडी कुरबूर व्हती, पोरगी सावळी हाय म्हणून. पर गिरिजानं समदं सांगितलं. पेला हाताशी व्हता, नातू डोळ्यांदेकत चालला व्हता, तरी तुमी त्या बाईच्या पाण्याला शिवू दिलं न्हाय. म्हनलं, घराणं असावं तर असं! आता रंग-बिंग काय बघायचा न्हाय. ह्याच घरची पोरगी पायजे."

तीन दिवस गौरम्मा ज्यापासून तोंड चुकवत होती, ते या भल्या माणसानं कौतुक म्हणून तिच्या पदरात टाकलं होतं. दात नव्हे, नजर नव्हे, गाडी नव्हे. तिनं नातू दिला होता आणि त्याच्या बदल्यात लेकीचं लग्न जमलं होतं.

तिनं मान वर केली. "अण्णा, एक इचारू? उद्या माज्या बसव्वाला लेकरू झालं, त्याला असंच जुलाब लागलं. दारात पाणी घेऊन ती नर्सबाई उभी हाय. तुमी पाजू द्याल?"

वीरभद्रप्पा गोंधळले. "आता... ते आपल्या रीतीपरमानं..."

"व्हय का न्हाय, तेवढं सांगा."

"न्हाय. कसं देणार?"

गौरम्मा खांबाला धरून उठली. हात जोडले. "मग ही सोयरीक मोडली म्हणा. माझी पोरगी बिनलग्नाची राहील, पर तुमच्या घरात द्यायची न्हाय."

"गौरक्का!" गिरिजाबाई किंचाळली. "शुद्दीवर हाईस का? पोरीचं वाटूळं करतीस!"

"एकाचं केलं. आता दुसरं करायचं न्हाय."

"मला बी जायचं न्हाय, अव्वा," आतून बसव्वा म्हणाली.

बैलगाडी गेली. गल्लीच्या दारादारांत बायका उभ्या होत्या. गौरम्मा अनवाणीच बाहेर पडली, भर गल्लीतून चालत उपकेंद्राच्या ओट्यावर चढली आणि आत गेली. मीनाबाई रजिस्टर लिहीत होती. ती उठून उभी राहिली.

"तुमी माज्या घरला चला," गौरम्मा म्हणाली. "चुलीपाशी चला. ते पाणी कसं करायचं, समद्या गल्लीला शिकवा."

मीनाबाईनं रजिस्टर मिटलं. मग ती म्हणाली, "मावशी, त्या दिवशी मी पेला ठेवून आत आले. पोराला हिसकावून घ्यायला पाहिजे होतं मी. तुमचा कायदा माझ्याही अंगात भिनला होता हो."

ती आली. मठगल्लीच्या घरात, चुलीपाशी, पहिल्यांदा. गौरम्मानं ओरडून बायकांना बोलावलं. तिघी आल्या, उंबऱ्याबाहेरच थांबल्या. बाकीच्यांनी दारं लावून घेतली. मीनाबाईनं पाणी उकळून गार केलं. साखर मागितली. बसव्वानं फडताळातला डबा दिला. मीठ मागितलं. तिनंच चुलीशेजारचं मडकं पुढं केलं. मीनाबाईनं माप दाखवलं, ढवळलं, आणि पेला गौरम्मापुढं धरला. गौरम्मानं तो तिच्या हातातून घेतला आणि ती पहिला घोट प्यायली.

"हे?" ती म्हणाली. "हे तर समदं माज्या घरात व्हतं की गं."

मीनाबाईनं मान खाली घातली. गौरम्माचं तीन दिवसांचं रडू एकदम बाहेर आलं. रडत रडतच ती सुनेकडे वळली. "नागव्वा, मी कायदा मोडला गं. मी केला व्हता, मीच मोडला."

नागव्वा भिंतीला टेकून उभी होती. तीन दिवसांनी तिनं तोंड उघडलं. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

"शुक्रवारी मोडायचा व्हता, अत्ती."

ती आत निघून गेली.

वाचकहो, दोष एकट्या गौरम्माच्या माथी मारून तुम्ही-आम्ही मोकळे होऊ शकू, तर बरंच होईल. पण घरात दुखणं आलं की आपणही आधी काय विचारतो? औषध कोणतं, की हात कुणाचा? मादनळ्ळीत उंबऱ्याबाहेर अजून तिघीजणी उभ्या आहेत, काखेला पोरं घेऊन. आत यावं की नाही, हे त्यांचं अजून ठरलेलं नाही. त्यांना आत ओढून घ्यायला कुणाचं पोर जायची आपण वाट बघतोय?